बाक काढण्यापूर्वी

विंडोज एक्सपीच्या संगणकावर सॉलिटेअरचा कंटाळा आल्यावर ज्यांनी ‘स्पेस कॅडेट’ उघडलं असेल, त्यांना पिनबॉल म्हणजे काय हे सांगायला नको. स्पेसबार दाबून धरायचा, सोडायचा, चेंडू उसळून वर जातो, दिवे लुकलुकतात, आणि घरंगळत खाली येणाऱ्या चेंडूला दोन आखूड वल्ह्यांनी पुन्हा पुन्हा वर पिटाळायचं. आपल्यापैकी अनेकांची या खेळाशी ओळख एवढीच. त्याआधीच्या पिढीतल्या काहींनी खिळे ठोकलेल्या उतरत्या फळीवर गोळ्या सोडायचं बगाटेल खेळलेलं असतं. ते पिनबॉलच्याच घराण्यातलं. पडद्यावरचं टेबल मात्र कितीही खेळलं तरी तापत नाही. खरं यंत्र तापतं, आणि वर्षानुवर्षं तापून त्याच्या अंगावरचं प्लास्टिक वाकतं. ते पुन्हा सपाट कसं करायचं, एवढ्या एकाच कामावर हे पुस्तक आहे.

एवढ्याशा विषयाला इतकी लांब प्रस्तावना कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. कृती सांगायची तर अर्ध्या पानात मावते: दोन काचांमध्ये तुकडा ठेवा, ओव्हनमध्ये तापवा, निवू द्या. या अर्ध्या पानाच्या भरवशावर काम करणाऱ्यांच्या हाती कधी सपाट तुकडा येतो, कधी दोन मिलिमीटर आखडलेला, ज्याची भोकं आता खांबांवर बसत नाहीत, आणि कधी अर्धं चित्र काचेला चिकटून राहिलेलं. तीच काच, तेच तापमान, तरी निकाल वेगळे. फरक तुकड्यात असतो. तो का वाकला हे कळल्याशिवाय त्याला सरळ करायला घेऊ नये, एवढंच मला या पानांत पटवून द्यायचं आहे.

आधी यंत्र. लाकडी पेटी, चार पाय, वर जाड काच. काचेखाली मेपलचा पापुद्रा चढवलेल्या प्लायवूडची उतरती फळी आणि तिच्यावर धावणारा २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू. शिकागो हे या धंद्याचं गाव. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या तिथल्याच. गॉटलिबचं ‘बॅफल बॉल’ १९३१ साली, ऐन मंदीत आलं आणि धो धो खपलं. वल्ही यायला १९४७ उजाडलं, तीही गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’त. तोवर खेळणाऱ्याच्या हातात चेंडू सोडणं आणि पेटीला धक्के देणं, यापलीकडे फारसं काही नव्हतं. न्यूयॉर्कचे महापौर फियोरेलो ला गार्डिया यांना हा सरळ सरळ जुगार वाटला. १९४२ साली तिथे बंदी आली आणि जप्त केलेली यंत्रं घणाखाली फोडली गेली. बंदी उठली १९७६ साली, तीही रॉजर शार्प नावाच्या एका पत्रकारानं अधिकाऱ्यांसमोर यंत्र खेळून दाखवल्यावर. चेंडू कुठल्या गल्लीतून खाली उतरेल हे आधी सांगून त्यानं तो नेमका तिथूनच उतरवला.

या सगळ्याचा आपल्या वाकड्या प्लास्टिकशी संबंध लांबचा, पण खरा आहे. शहरांच्या लेखी ही यंत्रं जुगाराचं सामान होती, बारमालकांच्या लेखी नाणी जमवणारी पेटी. कमाई ओसरली की पेटी बदलायची. पन्नास वर्षांनी कुणी ती हौसेनं घरात मांडेल या हिशेबानं तिचे सुटे भाग कुणी बनवलेच नव्हते.

आणि तरीही काय देखणे भाग बनवले होते! चेंडूच्या वर, काचेच्या खाली, खांबांवर टेकून बसवलेले दीडेक मिलिमीटर जाडीचे चित्रांचे तुकडे: कुठे त्रिकोणी, कुठे कमानीसारखे, कुठे एखाद्या अप्सरेच्या किंवा अंतराळवीराच्या आकृतीला धरून कापलेले. खेळणाऱ्यांच्या बोलीत त्यांना नुसतं ‘प्लास्टिक्स’ म्हणतात. खालची रबरं, दिवे आणि यांत्रिक पसारा झाकायचा, उडालेल्या चेंडूला तिथे घुसू द्यायचं नाही, आणि सगळ्या टेबलाला एका गोष्टीचं रूप द्यायचं, ही त्यांची कामं. वल्ह्यांच्या जरा वर, दोन्ही बाजूंना जे त्रिकोणी ‘स्लिंगशॉट’ असतात, त्यांच्यावरची प्लास्टिक्स सर्वांत जास्त मार खातात.

छपाईची रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा धोका तिच्यात आहे. चित्र तुकड्याच्या वरच्या बाजूला नसतं. पारदर्शक पत्र्याच्या पाठीवर ते रेशमी पडद्याच्या छपाईनं उलटं छापतात. आधी काळ्या रेषा, मग एकेक रंग, शेवटी सगळ्यांच्या मागे पांढरा थर. जिथे दिव्याचा उजेड आरपार यायला हवा तिथे पांढरा मोकळा सोडतात. म्हणजे वरून हात लावतो ती चकाकी कोऱ्या प्लास्टिकची असते आणि रंग खालच्या बाजूला, दिव्याच्या तोंडाशी उघडे असतात. रॉय पार्करची गॉटलिबसाठी केलेली चित्रं, ख्रिश्चन मार्शच्या टोकदार कोपरांच्या आणि नाकांच्या माणसांची टेबलं, डेव्ह ख्रिस्तेन्सननं बॅलीच्या ‘फायरबॉल’साठी १९७२ साली काढलेला तो आगीचा राक्षस, हे सगळं आज आपल्यापर्यंत आलंय ते या उघड्या, ठिसूळ शाईच्या पातळ थरातून. चित्रकलेच्या इतिहासात या मंडळींना जागा मिळाली नाही म्हणून काय झालं? मला तर पार्करची गर्दीची दृश्यं त्या काळच्या कितीतरी मासिकांच्या मुखपृष्ठांपेक्षा सरस वाटतात.

आता ताप. जुन्या यंत्रांत मुख्यतः ४४ नंबरचा बल्ब असे: ६.३ व्होल्ट, पाव अँपिअर, म्हणजे दीड वॅटहून थोडा जास्त. एकटा काही करत नाही. पण टेबलावर असे चाळीस बल्ब धरले तर ६३ वॅट होतात, आणि फिलामेंटच्या दिव्यात त्यातला बहुतेक भाग उजेडात नव्हे, उष्णतेत जातो. वर काच बंद. बार दुपारी उघडणार, मध्यरात्रीनंतर मिटणार, आणि तोवर कुणी खेळो न खेळो, गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी दिवे चालूच. त्यात एखादा होल्डर वाकून बल्बची काच प्लास्टिकच्या पोटाला टेकलेली असली की मग बघायलाच नको.

इथून पुढे जे आहे, त्यासाठीच मी ही प्रस्तावना लिहायला घेतली.

प्लास्टिकच्या पत्र्यात लांबलचक रेणूंचा गुंता असतो. प्रत्येक प्रकारच्या प्लास्टिकला एक तापमान असतं, ज्याच्या खाली हा गुंता गोठल्यासारखा असतो आणि वर गेलं की तो सैल होऊन रबरासारखा वागतो. पॉलिस्टायरिनसाठी ते साधारण १०० अंश सेल्सिअस, ॲक्रिलिकसाठी १०५, पीईटीजीसाठी ८०, पॉलिकार्बोनेटसाठी १४७. गोठलेला असला तरी गुंता पूर्ण निश्चल नसतो. सतत वजन किंवा ताण राहिला आणि सोबत थोडी ऊब असली, तर तो महिन्यामहिन्यानं हळूहळू सरकतो. दोन खांबांच्या मधला भाग खाली झोळ धरतो, मोकळी कड वर उचलली जाते, एका कोपऱ्याचा स्क्रू करकचून आवळला असेल तर तुकड्याला पीळ पडतो. हा पहिल्या जातीचा बाक. गंमत अशी, की रेणूंनी आपली मूळची सपाट मांडणी इथे अजून सोडलेली नसते. अशा तुकड्याला पुरेशी ऊब दिली की तो बराचसा आपणहून सरळ होऊ लागतो. वरची काच त्याला दाबत नाही, फक्त योग्य जागी थांबवते.

दुसऱ्या जातीचा बाक बल्बच्या डोक्यावर येतो. तिथे पत्रा त्या ठरावीक तापमानाच्या वर गेलेला असतो, सैल झालेला असतो, आणि दिवा विझल्यावर फुगलेल्या आकारातच गोठलेला असतो. हे टेंगूळ. त्या जागेपुरता तोच त्याचा नवा आकार. बराच काळ सैल राहून जुना तो विसरलेला असतो. हे ऊब देऊन आपणहून जात नाही, त्याला मुद्दाम नव्यानं घडवावं लागतं. त्यात भर म्हणजे तिथलं प्लास्टिक ताणून पातळ झालेलं असतं, त्यामुळे ते काचेखाली सपाट बसवताना वाढीव कातडी कुठेतरी सुरकुतणारच. मोठं टेंगूळ संपूर्ण जातं असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. ते बुटकं होतं, आणि चेंडूच्या वाटेत येत नसेल तर तेवढं पुरतं.

तिसरी गोष्ट सर्वांत दगाबाज. पत्रा कारखान्यात रुळांतून ओढून काढताना रेणू ओढीच्या दिशेनं ताणले जातात आणि तसेच गोठतात. हा ताण वाकड्याच काय, सपाट तुकड्यातही जन्मापासून दडलेला असतो. तापमान जरा जास्त झालं की तो सुटतो, पत्रा ओढीच्या दिशेनं आखडतो आणि जाड होतो. रंगवलेलं चित्र ओव्हनमध्ये घातलं की आखडून छोटं, जाड होतं, ती ‘श्रिंकी डिंक्स’ची मुलांची खेळणी याच गुणावर चालतात. खेळण्यात हौसेनं करतो ते इथे अनर्थ ठरतो. पत्र्यावरची शाई आखडत नाही. ती सुटते, तडकते.

सपाट करण्याची सगळी कसरत या तिन्हींच्या मधली जागा शोधण्यात आहे: पहिला बाक सुटेल इतकं गरम, तिसरा ताण सुटणार नाही इतकं थंड. जुन्या तुकड्यांवर कुठल्या प्लास्टिकचा पत्रा आहे हे लिहिलेलं नसतं, आणि एका कंपनीनं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे पत्रे वापरले. म्हणून २०० फॅरनहाइट, म्हणजे ९३ सेल्सिअस, असा एकच आकडा कुणी ठामपणे सांगितला तर तो ऐकून सोडून द्यावा. स्टायरिनला तो कदाचित चालेल, पीईटीजीची मात्र वाट लागेल. मी ६५ अंशांपासून सुरुवात करायला सांगतो, आणि फरक पडला नाही तर पाच-पाच अंशांनी वर जायला. वेळ भरपूर घ्यावा. तापमानाची घाई भरून निघत नाही, वेळेची निघते.

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर कधीही विसंबू नये. दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो, आणि आपल्याकडच्या लहान ओटीजीत तापणाऱ्या कांड्या इतक्या जवळ असतात की एकाच काचेचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो. आत काचेशेजारी स्वतंत्र थर्मामीटर ठेवावा. काच साधी फ्लोट घ्यावी, सहा मिलिमीटर जाड, कडा घासलेली. कडक केलेली काच जास्त मजबूत हे खरं, पण ती बनवताना रुळांवरून जाते आणि तिच्यात बारीक लहरी राहतात. तुकडा मग त्या लहरींप्रमाणे ‘सपाट’ होतो. साध्या काचेचा एकच हट्ट सांभाळायचा: तिला थंड ओव्हनमध्ये ठेवून सोबतच तापवायचं. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड काच सारली की ती तडकते. आणि जाड काच आतून तापायला वेळ घेते, म्हणून थर्मामीटरनं तापमान गाठल्याबरोबर घड्याळ लावू नये.

शाईच्या बाजूला काय ठेवायचं यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, नुसती काच, कारण कागदाचा पोत गरम प्लास्टिकवर उमटतो. दुसरा म्हणतो बेकिंग पेपर, कारण शाई काचेला धरते. मी दुसऱ्या पक्षात आहे. शाईच्या मागच्या पांढऱ्या थरावर थोडा पोत उमटला तर वरून दिसत नाही. शाई निघाली तर ती परत येत नाही. चकाकीच्या बाजूला मात्र नुसती काच हवी, आणि ती लख्ख, कारण धुळीचा एक कणही तिथे कायमचा खड्डा पाडतो. धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब, तोही चकाकीच्याच बाजूला. ॲसिटोन आणि थिनर हे शब्दही त्या टेबलाजवळ उच्चारू नयेत. स्टायरिन त्यांत विरघळतं.

मग निवणं. बहुतेक तुकडे तापवताना बिघडत नाहीत, काढताना बिघडतात. ओव्हन बंद केल्यावर उत्सुकतेनं दार उघडलं, वरची काच उचलून बघितली, की वरचा पृष्ठभाग आधी गोठतो आणि आतला नंतर. त्या फरकातून नवा ताण आणि नवा बाक तयार होतो. ओव्हन रात्री बंद करावा आणि दार सकाळी उघडावं. दुसऱ्या दिवशी तुकडा थोडा परत वळलेला दिसला तर घाबरू नये, पुन्हा तेच करावं. जुन्या लाखेच्या किंवा व्हायनिलच्या ग्रामोफोन तबकड्या जमवणाऱ्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. उन्हानं वाकलेली तबकडी तेही दोन काचांमध्येच ठेवतात, आणि घाई त्यांनाही नडते. फरक इतकाच, की तबकडीवर खाचा असतात, इथे चित्र.

पहिल्या जातीच्या बाकाच्याच तर्कानं आणखी एक इशारा. नव्या यंत्रांतले पारदर्शक रॅम्प, म्हणजे चेंडू ज्यांवरून चढून वळसा घेतो त्या पन्हळी, सपाट पत्रा गरम करून साच्यावर ओढून आणि लगेच निववून बनवलेले असतात. रॅम्प वाकडा झाला म्हणून तो ओव्हनमध्ये घातला, तर तोही आपलं मूळ आठवून पत्रा व्हायला लागेल. चेंडूला उसळवणाऱ्या बंपरच्या टोप्यांनाही दोन काचांमध्ये जागा नाही. त्या नव्या घ्याव्यात.

नव्या घेण्यावरून आठवलं. अनेक लोकप्रिय यंत्रांची प्लास्टिक्स आता नव्यानं छापून मिळतात, बहुधा पीईटीजीवर, ताज्या रंगांत. मग जुन्याचा बाक काढत कशाला बसायचं? ज्याला यंत्र रोज खेळायचं आहे त्यानं खुशाल नवी बसवावीत. स्लिंगशॉटवर तर मी तसंच सुचवेन. पण नवी छापतात ती कुठल्यातरी जुन्याचं स्कॅनिंग करून. रंग जुळवणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून, आणि कमी खपलेल्या यंत्रांची तर कुणी छापतच नाही. म्हणून जुना तुकडा फेकू नये. सपाट केलेला, रंग थोडे फिके, एका कडेला बारीक तडा, असा तो डब्यात असणं पुढच्या स्कॅनिंगसाठी मोलाचं आहे. आणि बाक जर इतका हलका असेल की चेंडूला अडत नाही आणि काच काढल्याशिवाय दिसत नाही, तर त्याला हातच लावू नये. परिपूर्ण सपाटीचा हव्यास जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत बरंच नुकसान करतो.

दिव्यांचा प्रश्न सुटला नाही तर हे सगळं वाया. लास व्हेगासचं पिनबॉल हॉल ऑफ फेम असो की कॅलिफोर्नियात अलामेडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम, तिथली यंत्रं बघण्यापुरती नाहीत, लोक ती खेळतात; दिवे लागतातच. ४४ नंबरच्या जागी ४७ नंबरचा बल्ब लावला तर प्रवाह ०.२५ अँपिअरवरून ०.१५ वर येतो, उष्णता चाळीस टक्क्यांनी उतरते, उजेडही थोडा उतरतो आणि रंग तोच पिवळट, ऊबदार राहतो. एलईडीनं उष्णता जवळजवळ संपते, पण यंत्रातले हे दिवे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहावर चालतात, त्यामुळे साधे एलईडी थरथरल्यासारखे दिसतात, आणि थंड पांढरे लावले तर पार्करच्या लालचा विटकरी होतो. लावायचेच तर ऊबदार रंगाचे, न थरथरणारे लावावेत. माझी निवड ४७.

पुस्तकाची मांडणी या क्रमानंच आहे. पहिलं प्रकरण स्कॅनिंगचं: प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी, इंचाला ६०० बिंदूंवर, कुठलीही ऊब देण्यापूर्वी. त्यासाठी जुना, जाडजूड सीसीडी स्कॅनर हवा; पातळ, स्वस्त स्कॅनरची नजर काचेपासून उचललेल्या वाकड्या कडेपर्यंत पोचत नाही. दुसरं प्रकरण दिवे आणि वाकलेल्या होल्डरांचं. तिसऱ्यात झोळ, पीळ, टेंगूळ आणि स्क्रूच्या भोवतीचे खळगे कसे ओळखायचे ते आहे. ओव्हन येतो चौथ्यात. ज्यांना धीर धरवत नाही ते थेट तिथेच जाणार हे मला ठाऊक आहे. त्यांनी निदान दुसरं प्रकरण चाळून जावं, कारण ४४ नंबरचा तोच बल्ब तिथेच टेकलेला राहिला तर सरळ केलेला तुकडा पुढच्या वर्षी पुन्हा ओव्हनपाशी आणावा लागेल.